गंगेवरचा गवळीवाडा

पांडित्य हे आमच्या कोकणात पुष्कळदा वारसाहक्काने येते, आणि वारसाहक्काने आलेल्या जमिनीप्रमाणेच त्याच्या उपभोगापेक्षा त्याचे खटले अधिक चालवावे लागतात. माझ्या वाट्याला ते आजोबांच्या सागवानी पेटीतून आले. पेटीत मम्मटाचा ‘काव्यप्रकाश’, अप्पय्य दीक्षितांचा ‘कुवलयानंद’ आणि रा. श्री. जोगांचे १९३० साली निघालेले ‘अभिनव काव्यप्रकाश’ असे तीन ग्रंथ होते. त्यांपैकी पहिल्या दोहोंचे आद्यन्त परिशीलन वाळवीने करून ठेवले होते, आणि तिसरा बहुधा आधुनिक म्हणून तिने टाकला होता. माझी स्वतःची हयात शाळेत चित्रकला शिकवण्यात, म्हणजे मुलांकडून तांब्या, पेला आणि त्यांच्यामागे दुमडलेला टॉवेल काढून घेण्यात गेली. परंतु ज्या घरात संस्कृत पुस्तक आहे त्या घरातल्या मनुष्यास संस्कृत येतेच, आणि ज्यास संस्कृत येते त्यास अलंकार, वृत्ते, रस, ध्वनी वगैरे यच्चयावत् बाबींचा उलगडा करता येतोच, असा राजापुरात सार्वत्रिक समज असल्यामुळे निवृत्तीनंतर माझे घर ही या बाबींची दुय्यम कचेरी होऊन बसले.

परीक्षेचा हंगाम आला की सकाळी चहाच्याही आधी ओटीवर एखादा पालक हजर असतो, पालकाच्या मागे त्याचा पाल्य असतो आणि पाल्याच्या हाती मार्गदर्शक असते.

“मास्तर, ह्यात उपमा आहे की उत्प्रेक्षा, तेवढं सांगून टाका. मला एस्टी गाठायची आहे.”

मी चष्मा पुसतो आणि सांगू लागतो की, बाळ, उपमेत दोन वस्तू सारख्या आहेत असे कवी म्हणतो, उत्प्रेक्षेत पहिली वस्तू म्हणजे जणू काय दुसरीच, अशी कल्पना करतो. तेव्हा कवीच्या डोळ्यांसमोर काय होते ते आधी आपण पाहू.

“तसं नसतं हो,” पाल्य मला अडवतो. “‘सारखा’, ‘समान’, ‘परी’ आलं की उपमा. ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ आलं की उत्प्रेक्षा. अर्थाकडे बघायचं नाही, वेळ जातो.”

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

“ह्यात ‘जणू’ पण आहे आणि ‘सारखा’ पण आहे.”

यावर बाप माझ्याकडे आणि मी त्या ओळीकडे पाहत राहतो. ज्या कवीने ती लिहिली त्याने मुलाच्या गुणांचा यत्किंचितही विचार केलेला नसतो. शेवटी मी “दोन्ही लिही” असा निकाल देतो, पाल्य “दोन्ही लिहिलं तर शून्य मिळतं” अशी हरकत घेतो, आणि एस्टी निघून जाते.

पोरांना बोल लावण्यात तरी काय हशील? खुद्द शास्त्रकारांचे घर कोठे धड आहे? भरतमुनींनी ‘नाट्यशास्त्रा’त अलंकार अवघे ४ सांगितले होते: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. एवढ्यात नाटक उभे राहत होते, प्रेक्षक रडत होते, हसत होते आणि घरी जात होते. पुढे अकराव्या शतकात मम्मटापाशी येईतो नुसते अर्थालंकारच साठीच्या घरात गेले, आणि अप्पय्य दीक्षितांच्या हातून त्यांनी शंभरी ओलांडली. काव्यात क्वचित् अलंकार नसला तरी चालेल, असे मम्मटाने कोठेसे उदार मनाने म्हटले, तर ‘चंद्रालोक’कार जयदेवाने, मग अग्नी उष्ण नसला तरी चालेल असेही हा गृहस्थ का म्हणत नाही, अशी त्याची हजेरी घेतली. अप्पय्य दीक्षितांनी ‘चित्रमीमांसा’ लिहिली, तेव्हा जगन्नाथ पंडिताने ‘चित्रमीमांसाखंडन’ या नावाचा स्वतंत्र ग्रंथच खर्ची घातला. गंमत अशी की, या दोघांचेही काम तडीस गेले नाही. ‘चित्रमीमांसा’ अतिशयोक्तीच्या प्रकरणापर्यंत येऊन थांबली आणि जगन्नाथाचा ‘रसगंगाधर’ ‘उत्तर’ नावाच्या अलंकाराचे विवेचन चालू असताना अर्धवट राहिला. एकाला अतिशयोक्तीच्या पुढे सरकता आले नाही आणि दुसऱ्याचे उत्तर पुरे झाले नाही. आमच्या तालुक्यातील बांधांच्या तंट्यांचे निकाल याहून फारसे वेगळे लागत नाहीत.

अशा स्थितीत एके दिवशी गावातल्या एका वाचनालयाचे चिटणीस माझ्याकडे आले. (गावात वाचनालये काही कमी नाहीत, कोणते ते सांगण्याची जरुरी नाही.) मार्चअखेर जवळ आली होती, अनुदानाच्या कागदात ‘बौद्धिक उपक्रम’ या नावाचा एक रकाना कोरा राहिला होता, आणि तो रकाना माझ्या तोंडून भरून घ्यावा असे कार्यकारी मंडळाच्या मनात आले होते. विषय ठरला: ‘साहित्यातील संज्ञा: सुलभ परिचय’. यातला ‘सुलभ’ हा शब्द खजिनदारांनी घातला, कारण अवघड विषयास मानधन अधिक द्यावे लागते अशी त्यांना भीती होती. रूपक साधण्याची कला दुसऱ्यापासून शिकता येत नाही, ती प्रतिभेची खूण आहे, असे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी म्हणून ठेवल्याचे मला ठाऊक होते. परंतु मानधनाचा विषय निघाल्यावर मी ते चिटणिसांच्या कानावर घातले नाही.

पहिल्या व्याख्यानास गर्दी बरी झाली, कारण त्याच संध्याकाळी गावातली वीज गेली होती आणि वाचनालयात इन्व्हर्टर होता. अध्यक्षांनी प्रास्ताविकात रत्नागिरी जिल्ह्याच्या वाङ्मयीन परंपरेचा हृद्य आढावा घेतला. मालगुंडच्या दामल्यांच्या एकाच घरात, मराठी कवितेला नवे वळण लावणारे केशवसुत आणि १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध करणारे मोरो केशव दामले असे दोघे सख्खे भाऊ निपजावेत, एकाने बंध तोडावेत आणि दुसऱ्याने ते मोजून ठेवावेत, हे त्यांचे म्हणणे मला फार आवडले. “त्याच तेजस्वी परंपरेतले आजचे आपले वक्ते श्रीयुत,” एवढे बोलून ते थांबले, माझ्याकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “मास्तर, आपलं आडनाव काय हो?”

मी उपमेपासून आरंभ केला. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द ही उपमेची चार अंगे फळ्यावर लिहिली, ‘मुख चंद्रासारखे आहे’ असे सनातन उदाहरण घेतले आणि जुन्या सवयीने शेजारी खडूने एक चंद्रही काढला. तोच पहिल्या रांगेतून एक हात वर झाला. तो आमच्या गावच्या निवृत्त शिरस्तेदारांचा होता. या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात एकही कागद पहिल्या खेपेस मंजूर केलेला नाही अशी त्यांची ख्याती आहे.

“चंद्र कोणत्या तिथीचा?”

“म्हणजे?”

“म्हणजे आपण काढलाय तो पौर्णिमेचा. उदाहरणात तिथी नमूद नाही. उद्या कोणी अष्टमीचा धरला तर मुखाचा आकार काय ठरायचा? असा कागद आमच्या दफ्तरी आला असता तर फेरचौकशीचा शेरा मारून परत गेला असता.”

मी म्हटले, “येथे आकार अभिप्रेत नाही, आल्हादकत्व अभिप्रेत आहे.”

“मग तसं लिहून द्यावं. आणि डागांचं काय? साधारण धर्मात डाग धरले आहेत की वगळले आहेत?”

सभागृहात बसलेल्या समस्त स्त्रीवर्गाने या मुद्द्यावर शिरस्तेदारांच्या कुटुंबाकडे पाहिले, आणि त्या माउलींनी पदर सावरून असा काही निःश्वास सोडला की, त्यांना विवाहानंतर आजतागायत कोणी चंद्राची उपमा का दिली नसेल याचा उलगडा सर्वांस एकदम झाला.

दुसऱ्या दिवशी रसांकडे वळलो. भरताने रस ८ मानले आणि शांत हा नववा पुढे आला, हे सांगून झाल्यावर मी हास्यरसाच्या प्रकारांवर आलो. भरतमुनींनी हसण्याच्या सहा पायऱ्या केल्या आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित, त्यांपैकी पहिल्या दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांच्या, मधल्या दोन मध्यमांच्या आणि शेवटच्या दोन अधमांच्या. हे वर्गीकरण मी रंगात येऊन विशद करीत असताना, आणि उत्तम प्रकृतीचा मनुष्य दात न दाखवता कसा हसतो हे दाखवण्यासाठी मागे रेलत असताना, वाचनालयाच्या स्थापनेपासून सेवेत असलेली ती खुर्ची मागच्या दोन पायांवर गेली, क्षणभर विचारात पडली आणि मला घेऊन खाली आली. माझ्या नजरेसमोर छत होते, पण कान शाबूत होते. वास्तविक शास्त्राप्रमाणे पहिल्या रांगेतून स्मित, मधल्या रांगांतून विहसित आणि दाराशी चपला सांभाळीत उभ्या असलेल्या पोरांकडून अतिहसित यावयास हवे होते. प्रत्यक्षात अध्यक्ष, जे पंचक्रोशीत उत्तम प्रकृतीचे म्हणून गणले जातात, ते डोळ्यांतून पाणी येईतो आणि कुशी धरून हसत होते. मला हात द्यायला धावली ती दाराशी उभी असलेली पोरे, आणि त्यांच्यातला एकही हसत नव्हता, कारण ती खुर्ची सतरंजीवर ओढून ठेवणारी तीच होती. भरतमुनींनी सभासद पाहिले होते, कार्यकारी मंडळ पाहिले नव्हते, एवढेच मी यावर म्हणेन.

तिसरे व्याख्यान शब्दशक्तींवर होते, आणि माझ्या अधःपातास खरा प्रारंभ तेथून झाला. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शक्तींपैकी अभिधेने शब्दाचा सरळ अर्थ कळतो, आणि तो अर्थ जुळेनासा झाला की लक्षणेने त्याच्या जवळपासचा अर्थ घ्यावा लागतो. यासाठी शास्त्रकारांनी शतकानुशतके एकच उदाहरण वापरले आहे: गंगेवर गवळ्यांचा वाडा आहे. प्रवाहावर वाडा असू शकत नाही, हा झाला मुख्यार्थाचा बाध. म्हणून ‘गंगा’ या शब्दाने सामीप्यामुळे गंगेचा तीर समजावयाचा. आणि सरळ ‘तीरावर’ न म्हणता ‘गंगेवर’ म्हणण्याचे प्रयोजन हे की, त्या वाड्याचे शैत्य आणि पावनत्व मनात ठसावे. हे उदाहरण काशीत, काश्मीरात, तंजावरात आणि पुण्यात आजवर कोणाच्याही घशात अडकलेले नाही. परंतु राजापुरात ते सांगू नये, हे मला कोणी सांगितले नव्हते.

कारण राजापूरला स्वतःची गंगा आहे. अर्जुना नदीपलीकडे, उन्हाळे गावाच्या अंगाला, डोंगरावर १४ कुंडे आहेत. साधारण तीन-तीन वर्षांनी त्यांत एकाएकी पाणी प्रकट होते, काही महिने वाहते आणि कोणास न सांगता निघून जाते. अलीकडे तर तिने एवढेही वेळापत्रक पाळणे सोडले आहे. मोरोपंतांनी या गंगेवर ‘गंगाप्रतिनिधितीर्थकीर्तन’ रचले. तिला ‘प्रतिनिधी’ म्हणण्यात पंतांची दूरदृष्टी दिसते, कारण वर्षानुवर्षे मतदारसंघात फिरकू नये, आलेच तर वाजतगाजत यावे, आणि गर्दी जमली की नाहीसे व्हावे, ही प्रतिनिधींची वहिवाट पंतांच्या काळी अजून रूढ व्हायची होती.

“गंगेवर गवळ्यांचा वाडा आहे,” मी म्हणालो.

“कुठल्या गंगेवर? आपल्या?” मागून आवाज आला.

“कोणत्याही. उदाहरण आहे.”

“कोणत्याही कशी? आपली गंगा सध्या गेलेली आहे. कुंडं कोरडी आहेत. कोरड्या कुंडात वाडा बांधला तर उभा राहील की. बाध कुठं आला?”

प्रश्न बिनतोड होता. मम्मटाच्या डोळ्यांसमोर जी गंगा होती ती हजेरीच्या बाबतीत चोख असल्यामुळे, गंगा रजेवर असताना लक्षणेचे काय करावे याची तरतूद त्याने कोठेही केलेली नाही. मी घाम पुसला आणि म्हणालो, “शास्त्रदृष्ट्या आपल्या म्हणण्यास बाध नाही.”

“शास्त्राचा नसेल, देवस्थानची हरकत येईल,” शिरस्तेदार म्हणाले. “आणि गवळ्यांना परवानगी कोणी दिली? जागा कोणाच्या सात-बाऱ्यावर आहे?”

सात-बारा हा शब्द उच्चारल्याबरोबर सभेचे स्वरूप पालटले. जी मंडळी इतका वेळ पेंगत होती ती ताठ बसली. एका गृहस्थांनी त्या डोंगराच्या चतुःसीमा तोंडपाठ म्हणून दाखवल्या. दुसऱ्यांनी त्यांतली पूर्वेची सीमा अमान्य केली. गावात दुधाचा रतीब घालणारे एक जण उठून, आपल्या जातभाईंनी गंगेवर कसलेही अतिक्रमण केलेले नसून हे बदनामीचे कारस्थान आहे, असे कळवळून सांगू लागले. त्यांची समजूत घालण्यासाठी मी प्रयोजनाकडे वळलो आणि म्हणालो की, येथे तंट्याचा प्रश्न नाही, वाड्याचा थंडावा तेवढा सुचवायचा आहे. “थंडावा?” एक वृद्ध उद्गारले. “उन्हाळ्याला? अहो, तिथं शेजारी कढत पाण्याचं कुंड आहे. मी दर आठवड्याला गुडघे शेकायला जातो.”

अशा रीतीने मुख्यार्थबाध गेला, सामीप्य वादग्रस्त ठरले, शैत्य तापले, आणि साऱ्या लक्षणेत शेवटी पावनत्व तेवढे शिल्लक राहिले. सामीप्याची बाजू सावरावी म्हणून मी रेल्वेचा दाखला दिला: स्टेशनाचे नाव ‘राजापूर रोड’ असले तरी गाव तेथे नाही, तेथून गावाकडे यायचा रस्ता तेवढा आहे. हा दाखला मात्र सर्वांस तत्काळ पटला; पहाटेच्या गाडीने त्या स्टेशनावर उतरलेल्या मनुष्यास लक्षणा समजावून सांगावी लागत नाही.

या अपयशातून मी एक शहाणपण घेतले आणि व्यंजनेच्या व्याख्यानासाठी शास्त्रातले उदाहरण घरीच ठेवले. ‘सूर्य मावळला’ या एका वाक्याने चोराला चोरीची, गुराख्याला गुरे वळवण्याची, ब्राह्मणाला संध्येची आणि अभिसारिकेला भलत्याच गोष्टीची सूचना मिळते, असे जुने पंडित सांगतात. मी त्याऐवजी वाक्य घेतले: ‘जवाहर चौकात पाणी आलं.’ आषाढात अर्जुना आणि कोदवली या दोन्ही नद्या एकदम फुगल्या की हे वाक्य राजापुरात घरोघर फिरते, आणि त्याचा वाच्यार्थ तेवढा कोणी ऐकत नाही. चौकातला दुकानदार त्यातून ‘खालच्या फळीवरची साखर वर घे’ असे ऐकतो. शाळकरी पोराला त्यात सुटी ऐकू येते आणि त्याच्या आईला तीच सुटी अगदी निराळ्या सुरात. ज्याची कचेरीत तारीख आहे त्याला मुदतवाढ दिसते. माहेरी आलेल्या लेकीला आणखी एक मुक्काम मिळतो. तिला न्यायला आलेल्या जावयाला मात्र सासऱ्याच्या घरी आणखी एक रात्र घावने आणि काढा यांवर काढावयाची आहे, एवढाच ध्वनी उमटतो. व्याख्यान कमालीचे रंगले. शिरस्तेदारांनीसुद्धा, पाणी किती फूट आले ते नमूद नसल्याबद्दल, फक्त एकदाच हरकत घेतली. टाळ्या पडल्या. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोक’ लिहिला त्याचे सार्थक अखेर राजापुरात झाले, अशा भावनेने मी त्या रात्री घरी गेलो, आणि रस्त्याने भेटणाऱ्या कुत्र्यांच्या भुंकण्यातही मला अभिनंदनाचा ध्वनी ऐकू आला.

त्यानंतरच्या आठवड्यात ही विद्या गावात पसरली. साथीच्या रोगाचीही इतक्या झपाट्याने लागण होत नसेल.

प्रथम मासळी बाजारात अनुभव आला. बांगड्याचे डोळे पाहून मी म्हणालो, “बाई, हा कालचा दिसतो. तू तर ‘आत्ता होडीतून उतरवलाय’ म्हणतेस.” ती शांतपणे म्हणाली, “तां अतिशयोक्ती आसा, मास्तरांनु. तुमीच सांगितलात ना, तिका दोष धरूचो नाय म्हणान?” ती व्याख्यानास आली नव्हती, तिचा मुलगा दाराशी चपला सांभाळणाऱ्यांपैकी एक होता. मी बांगडे घेतले. घरी कुटुंबाने ते हुंगून पाहिले आणि काही न बोलता परसात मांजराला हाक मारली. त्या हाकेत जेवढी व्यंजना होती तेवढी ‘ध्वन्यालोका’च्या चारही उद्योतांत मिळून नसेल.

मग आमचे एक स्नेही. यांनी कौले शाकारण्यासाठी माझ्याकडून काही रक्कम ‘होळीनंतर देतो’ या बोलीवर नेली होती. होळी झाली, रंगपंचमी झाली, तेव्हा मी संकोचाने विषय काढला.

“मास्तर, आपण माणूस जाणते आहात,” ते म्हणाले. “‘होळी’ हे तिथं उपलक्षण होतं. त्यावरून सणमात्राचा बोध होतो.”

“म्हणजे गणपतीत मिळतील?”

“आपण परत वाच्यार्थाकडेच चाललात.”

माझ्या मनाची समजूत मी इतिहासाने घातली. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार खणून काढली, त्या नुकसानीच्या भरपाईचा तगादा टोपीकरांनी सतत चालू ठेवला, आणि १६७४ साली हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकाच्या सुमारास रायगडी गेला तेव्हा कोठे भरपाईचे कलम तहात दाखल झाले. एवढी मातबर कंपनी, हाताशी तोफा आणि गलबते, आणि कलम कागदावर यायलाच तिला १३ वर्षे लागली, पैसा पेटीत पडणे तर त्यापुढची गोष्ट. राजापुरात दिलेल्या शब्दाचा व्यंग्यार्थ लागायला वेळ लागतो, हे जे सुरतेच्या इंग्रजांस उमजले ते मला तरी उमजायला हवे होते.

कचेऱ्याही मागे राहिल्या नाहीत. एका कचेरीत (नाव घेत नाही, तेथे माझे अजून दोन अर्ज आहेत) माझ्या वडिलांच्या नावातली वेलांटी दुरुस्त करून घ्यायची होती. कारकुनाने सांगितले, “झाली आहे.” मी उतारा पाहिला तर वेलांटी जेथल्या तेथे.

“झाली आहे म्हणालात ना?”

“होण्याच्या समीप आहे,” तो म्हणाला. “सामीप्यसंबंध. आमचे सासरे आपल्या व्याख्यानाला होते.”

सासऱ्यांचे वर्णन त्याने केले तेव्हा कळले की, ते गुडघे शेकणारे वृद्ध.

नारळ उतरवणारा पाडेली ‘उद्या सकाळी येतो’ म्हणून सांगतो आणि चौथ्या दिवशी दुपारी उगवतो, हे अर्थात व्याख्यानापूर्वीपासून चालत आलेले आहे. त्याला लक्षणा शिकवण्याचे पाप माझ्या माथी नाही. पुण्यास महाविद्यालयात शिकणारा आमचा पुतण्या सुटीत आला होता, त्याने या साऱ्यावर “काका, ही आयरनी आहे,” असा अभिप्राय दिला. त्याच्या लेखी बस चुकणे ही आयरनी असते, पाऊस पडणे ही आयरनी असते आणि मासे न मिळणे ही तर घोर आयरनी असते. आमच्या मम्मटाने साठ पेट्या करून त्यांत संसार बसवला, पुतण्याने एकाच पिशवीत सगळे कोंबले. प्रवासाला सोयीचे, हे मला कबूल करावेच लागेल.

घरात मात्र निराळीच अवस्था झाली. एके सकाळी कुटुंबाने स्वयंपाकघरातून सांगितले, “अहो, डब्यातले तांदूळ तळाला गेले.” मी आरामखुर्चीत ‘अभिनव काव्यप्रकाश’ वाचीत होतो. वाक्य ऐकून मला खरोखर आनंद झाला. त्यात कर्ता तांदूळ, क्रिया त्यांची, कोठेही आज्ञा नाही, माझे नाव नाही, पिशवीचा उल्लेख नाही, आणि तरीही बाजार, पिशवी, मी, आणि माझा आजवरचा आळस एवढे सारे त्यातून ध्वनित होत होते. “फार सुंदर,” मी म्हणालो, “हा शुद्ध वस्तुध्वनी झाला,” आणि पुढचे पान उलटले. दुपारी पानात भाताच्या जागी काहीच नव्हते. “सांगितलेलं कळत नाही आणि न सांगितलेल्यावर व्याख्यानं देतात,” एवढे ती भिंतीला उद्देशून म्हणाली. यातली पर्यायोक्ती मी ओळखली, पण बोललो नाही. शास्त्राचा उपयोग कोठे करू नये हेही शास्त्रात असावे असे मला वाटू लागले होते.

समारोपाच्या दिवशी चिटणिसांनी आभार मानले. निंदेच्या मिषाने स्तुती आणि स्तुतीच्या मिषाने निंदा करणे यास व्याजस्तुती म्हणतात, हे मी त्यांच्यासमोरच समजावून दिले होते, त्यामुळे “मास्तरांनी इतक्या अवघड विषयात शिरण्याचे धाडस केले,” “त्यांच्या वयाकडे पाहता त्यांचा आवाज शेवटपर्यंत पोचला हे नवल,” आणि “वाचनालयाची खुर्ची त्यांच्यामुळे आता दुरुस्त होणार आहे,” ही वाक्ये मी ज्या पक्षात घ्यावी त्या पक्षात लागू पडत होती. नंतर मला राजापुरी पंचा आणि नारळ देण्यात आला. पंचा उत्तम होता. नारळ हलवून पाहिला तर पाणी वाजत नव्हते, पण तोवर मी वाच्यार्थाची अपेक्षा सोडली होती.

मंडळी पांगल्यावर खजिनदारांनी मला कपाटामागे बोलावले आणि मानधनाची पावती पुढे केली. तीवर ५०० रुपये लिहिले होते. मी हात पुढे केला, तर त्यांनी त्यात लेखणी दिली.

“रक्कम?” मी विचारले.

“पंचा दिला ना आपल्याला? नारळ दिला. अनुदानाच्या कागदाला आकडा लागतो, म्हणून तो घातलाय. त्याचा मुख्यार्थ घ्यायचा नाही, मास्तर. आपणच सांगितलंत, मुख्यार्थ जुळला नाही की जवळचा अर्थ घ्यावा.”

“जवळचा अर्थ पंचा होतो?”

“प्रयोजन पाहा ना. वाचनालयाचं पावनत्व.”

मी लेखणी टेकवली. शिरस्तेदार दाराशी चपला शोधीत थांबले होते, त्यांनी मान लांबवून पावतीकडे पाहिले आणि मला घाईने बजावले, “आकडा लक्षणेने घ्या, हरकत नाही. सही तेवढी अभिधेने करा, नाहीतर ऑडिटात परत येईल.”